बुधवारच्या नऊ पेट्या

१

सोमवारी सकाळी मी अजून पर्सही खाली ठेवली नव्हती, तोच एक बाई धापा टाकत माझ्या टेबलासमोर आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "माझ्या नणंदेची भाजी चोरीला गेलीय."

तक्रार विभागात तीस वर्षं काढल्यावर मी सहसा कशाने चकित होत नाही. हरवलेल्या फायली, हरवलेली कवळी, एकदा तर हरवलेला नवरा, सगळं या टेबलावर येऊन गेलंय. भाजी मात्र पहिल्यांदाच आली होती.

"किती गेली?" मी विचारलं.

"तीन बुधवारच्या तीन पेट्या. आणि परवा चौथी जाणार, बघाच तुम्ही."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. आमच्या सरकारी आरोग्य योजनेतून कॅन्सरच्या रुग्णांना जशा गोळ्या मिळतात, इंजेक्शनं मिळतात, तशीच गेल्या वर्षापासून दर बुधवारी ताज्या भाज्या-फळांची एक पेटी घरपोच मिळते. डॉक्टरांनी चिठ्ठी द्यायची, हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञांनी कार्ड भरायचं, आमच्या ऑफिसने नाव नोंदवायचं आणि गाडीने दारात पेटी टाकायची. चौसष्ट रुग्ण, चौसष्ट पेट्या. अजून प्रयोगच चालू होता, म्हणजे साहेबांना कधीही बंद करता येणारी गोष्ट.

या बाई एका रुग्णाच्या वहिनी होत्या. रुग्ण म्हणजे निवृत्त शिक्षिका, सगळी वस्ती त्यांना मास्तरीणबाई म्हणते. वहिनींनी फोन तर केलेच होते. दर वेळी आमच्या खिडकीवरून एकच उत्तर, "नाव नोंदीत आहे, पेटी येईल." मी फोनची वही मागवली. तीन आठवड्यांत असेच फोन केलेली घरं मोजली तर नऊ निघाली.

नऊ! मी वही घेऊन तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेबांनी कपाळाला हात लावला. "पेपरात आलं तर आपलं नाक कापलं जाईल," ते म्हणाले. "बुधवारी सकाळी नऊला गाडी सुटते. त्याच्या आत चोर दाखवा. नाहीतर हा पेटीचा उद्योगच बंद. चौसष्टच्या चौसष्ट."

माझं नाव ऑफिसात कुणी घेत नाही. समोर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे कुदळ. खणायला लागले की थांबत नाही म्हणून. मला ते नाव आवडतं, पण हे मी कुणाला कळू दिलेलं नाही.

मी वहिनींबरोबर त्यांच्या घरी गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. वहिनींचे गुडघे दुखरे, बाजार लांब. दर जिन्यावर थांबत त्यांनी मला सगळं सांगितलं. मास्तरीणबाईंची सहा इंजेक्शनं ठरली होती, चार झाली होती. पाचवं पुढच्या सोमवारी. पण वजन उतरत चाललं होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की ते चाळीस किलोच्या खाली गेलं तर पाचवं लांबणीवर. आज सकाळी काटा साडेचाळीसवर होता.

"मी भाजी आणते हो जमेल तशी," वहिनी म्हणाल्या. "पण खायची वासनाच मेलीय तिची. पेटी आली की उठून बसायची, आत काय आलंय ते बघायची. शाळेत हजेरी घ्यावी तशी एकेक भाजी काढायची. मग त्यातलंच काहीतरी खायची. आता नुसती भिंतीकडे तोंड करून पडते."

मास्तरीणबाई पलंगावर होत्या, डोक्याला रुमाल, अंगात दोन स्वेटर. मला बघून म्हणाल्या, "तपासायला आलात? वहिनीच्या स्वयंपाकघरातून सुरुवात करा. तिने सफरचंदसुद्धा उकडलंय."

"पथ्यच आहे तसं," वहिनी फणकारल्या. "सगळं शिजवूनच द्यायचं."

"गाडी येत नाही का या रस्त्याला?" मी विचारलं.

"येते की!" वहिनी खिडकीकडे गेल्या. "दर बुधवारी येते. पुढच्या इमारतीत पेटी देतो मेला. मी इथून हाका मारल्या. त्याने वर पाहिलं, मला ओळखलं, आणि मान वळवून गाडी पळवली."

२

ड्रायव्हर साठीकडे झुकलेला, मितभाषी माणूस निघाला. दुपारी तो गाडीचा आरसा पुसत होता. आधीच लख्ख होता आरसा, तरी पुसत होता.

"नऊ घरांना पेट्या मिळत नाहीत," मी म्हटलं.

"पेटीवर लेबल असतं मॅडम. लेबल असेल तिथे पेटी देतो. तीन आठवडे झाले, पंचावन्नच लेबलं येतात. माझ्या गाडीत पंचावन्न चढतात, पंचावन्न उतरतात."

"मग विचारलं नाहीत, बाकीच्या नवांचं काय झालं म्हणून?"

त्याने फडका पिळला. कोरडाच होता. "असलं काय विचारायचं असतं का?"

"तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई. त्यांच्या वहिनींनी हाक मारली. तुम्ही मान वळवलीत."

त्याने फडका खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "बाई फार चांगल्या होत्या. पेटी वर नेली की पाणी दिल्याशिवाय सोडायच्या नाहीत. माझ्या नातीची गणितं तपासून द्यायच्या."

आणि तो पाठमोरा झाला. त्याच्या सीटसमोर एक अर्धवट उघडलेला कागद दिसत होता. दुसऱ्याचे कागद वाचू नयेत हे मला माहीत आहे, पण माझ्या धंद्यात ते जमत नाही. कामातून मोकळं करण्याचा अर्ज होता तो. तारीख मागच्याच आठवड्यातली.

मी गुपचूप निघाले. पेट्या गायब व्हायला लागल्यावर नोकरी सोडून निघालेला माणूस. संशयाला तेवढं पुरे होतं, पण मला खुपत होतं ते वेगळंच. दोन तासांपूर्वी मी मास्तरीणबाईंशी बोलून आले होते. हा माणूस त्यांच्याबद्दल "होत्या" असं का बोलत होता?

३

मंगळवारी सकाळी मी पेट्या भरायच्या हॉलमध्ये गेले. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला थंडगार खोली, लांबलचक टेबलं, पालकाच्या जुड्या, गाजरं, लाल भोपळे, नासपती. तिथल्या मावशी म्हणजे मोठा आवाज आणि त्याहून मोठं हसू. दहा वर्षं त्या आमच्याकडे पेट्या, सामान, जे पडेल ते भरतात.

रखवालदाराने आदल्याच संध्याकाळी माझ्या कानात सांगितलं होतं की मावशी दर बुधवारी दोन गोण्या भाजी मागच्या दाराने बाहेर काढतात.

"मावशी, गोण्यांत काय असतं?"

"भाजी!" त्या लपवण्याच्या भानगडीत पडल्याच नाहीत. "माल चौसष्ट पेट्यांचा येतो आणि लेबलं पंचावन्न. उरलेलं सडू देऊ होय? वॉर्डातल्या स्वयंपाकघरात देते. सूप करतात त्याचं. जाऊन चव घ्या, झकास होतं."

मी वॉर्डातल्या आचाऱ्याला विचारलं. खरं होतं. सूपही खरोखर झकास होतं, दोन वाट्या प्याले.

"नऊ पेट्या कमी झाल्या, हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगायचं काय त्यात? मला तर आनंद झाला. बरी झाली असतील माणसं! भाजी खाऊन खाऊन ठणठणीत झाली, नाव निघालं यादीतून. मी देवाला हात जोडले हो नऊ वेळा."

"एकाच आठवड्यात नऊ जण बरे?"

मावशींचं हसू जरा ओसरलं. "म्हणजे? नाही झाले?"

तिथून मी आहारतज्ज्ञ मुलीकडे गेले. वय असेल अठ्ठावीस, हुशार, आणि इतक्या घाईत की बोलताना वाक्याचं शेपूट तोडून टाकते. बाहेर तिच्या नावाने रांग लागलेली. मी नऊ नावं वाचून दाखवली आणि तिचा चेहरा उतरला.

"ह्यांना पेटी मिळत नाही? अहो, ह्यांनाच तर सगळ्यात जास्त गरज आहे! ह्या नऊ जणांच्या पांढऱ्या पेशी इतक्या खाली आल्यात की साधा सर्दी-खोकला झाला तरी भीती. माझे सगळ्यात अशक्त पेशंट आहेत हे."

"तुम्ही यांचं काही बंद केलंत का?"

"मी? पेटी कुणाला द्यायची, हे माझ्या हातातच नाही. कार्डावर मी फक्त कसं खायचं ते लिहिते. ह्यांची पेटी बंद करायला मला वेड लागलंय का?"

तिचे डोळे भरून आले होते. नाटक असेल तर उत्तम होतं. जिना उतरताना एकच विचार माझी पाठ सोडेना. चौसष्टांतले नेमके सगळ्यात अशक्त नऊ, म्हणजे ज्यांच्यात उठून भांडायचीही ताकद नाही असे, कुणीतरी मुद्दाम निवडून काढले होते का?

४

लेबलं छापतो आमच्याच ऑफिसातला कारकून. त्या टेबलावरचे जुने भाऊसाहेब निवृत्त झाले आणि हे गृहस्थ बदलून आले, त्याला बरोबर चार आठवडे झाले होते. टेबलावर पट्टी, पेन्सिल, खोडरबर एका रेषेत. शर्टाच्या खिशाला डाग नाही. आधीची बावीस वर्षं त्यांनी मतदारयाद्यांच्या ऑफिसात काढली होती, आणि बावीस वर्षांत एक नाव चुकलं नाही, हे त्यांनी मला पहिल्या पाच मिनिटांत दोनदा सांगितलं.

"लेबलं पंचावन्न का?" मी विचारलं.

"कारण पक्क्या यादीत पंचावन्न आहेत."

"नोंदवहीत चौसष्ट आहेत."

"नोंदवहीत असणारच. नऊ नावं कच्ची आहेत. कच्ची नावं पक्की झाल्याशिवाय मी लेबल काढत नाही."

"कच्ची कुणी ठरवली?"

"कार्डावरच शेरा आहे, आहार विभागाचा. कार्डं दाखवू का?" ते कपाटाची किल्ली काढायला लागले. "पण त्यापेक्षा हे बघा. मी शेऱ्यावर विसंबून राहणारा माणूस नाही. लेखी विचारलं होतं."

त्यांनी फायलीतून एक चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवली. वर त्यांचं अक्षर, छापल्यासारखं: "कच्चे एकूण नऊ आहेत. सुरू करू का?" खाली घाईघाईतलं, शेपूट तोडलेलं अक्षर: "कच्चे इतक्यात मुळीच सुरू करू नका. रिपोर्ट सुधारले की मीच कळवते." आणि आहारतज्ज्ञ मुलीची सही.

मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. तासाभरापूर्वी हीच मुलगी डोळ्यांत पाणी आणून मला म्हणाली होती की मी काही बंद केलं नाही.

"मॅडम, कार्डं?" कारकुनांनी विचारलं.

"नकोत," मी म्हटलं. "हातात लेखी पुरावा असताना कार्डं कशाला?" माझ्या नोकरीतली ही सर्वांत मोठी घोडचूक, आणि ती मी ऐटीत केली.

मी तिला फोन लावला. वाजत राहिला. मंगळवारी दुपारी ती लांबच्या दवाखान्यात जाते, सकाळीच भेटेल, असं तिच्या शेजारच्या टेबलावरून कळलं. साहेबांना मी चिठ्ठी दाखवली तर ते खुर्चीतून उठलेच. "सापडली!" ते म्हणाले. "उद्या सकाळी तिला सगळ्यांसमोर विचारू. आणि पेटी बंद."

"चोर सापडला तर पेटी चालू ठेवायचं ठरलं होतं ना?"

"आतलाच माणूस असेल तर कसली चालू ठेवता? आधी चौकशी, मग बघू सहा महिन्यांनी."

सहा महिने! मास्तरीणबाईंकडे सहा दिवस होते.

५

संध्याकाळ व्हायला वेळ होता. घरी जाऊन चडफडत बसण्यापेक्षा म्हटलं, नऊपैकी आणखी दोन घरं तरी बघू. त्या मुलीने हे का केलं असेल, हे मला काही केल्या कळत नव्हतं. बंद करायचं होतं तर खाली सही कशाला करील कुणी?

पहिलं घर एका शिंप्याचं. मशीन खोलीच्या मधोमध, बाजूला तो आणि मांजर. माणूस आजारी असला तरी जिभेला काही झालं नव्हतं. त्याच्या बायकोने त्याच्यासमोर वाटीत मऊ शिजवलेली नासपती ठेवली.

"बघा," तो मला म्हणाला, "फळालासुद्धा सोडत नाही ही. दातांखाली कचकन वाजेल असं काही खाऊन महिना झाला. एक गाजर द्या हो मला योजनेतून, चोरून."

"गप्प बसा," बायको म्हणाली. "पेशी वाढेपर्यंत तसंच खायचंय."

दुसरं घर पोहायला शिकवणाऱ्या एका तरुण मुलीचं. तिची आई दारातच माझ्यावर बरसली. पेटी का येत नाही, आम्ही काय पाप केलंय, असं सगळं. ऐकून घेतलं, ऐकून घेण्याचाच पगार मिळतो मला. तिच्या मागे गॅसवर काकडी शिजत होती. काकडी! आयुष्यात मी शिजणारी काकडी पाहिली नव्हती.

"हे कशासाठी?" मी न राहवून विचारलं.

"आहारवाल्या मॅडमनी बजावलंय ना," आई म्हणाली. "सॅलड नाही, कोशिंबीर नाही. कच्चं एकदम बंद."

मी निरोप घेतला आणि जिन्याच्या पाच पायऱ्या उतरले. सहाव्या पायरीवर माझा पाय थांबला.

वहिनींचं उकडलेलं सफरचंद. शिंप्याची नासपती. ही काकडी. तिन्ही घरांत एकच पथ्य, आणि तिन्ही घरं त्या नवांतली. मी भिंतीला धरून तिथेच बसले, पर्समधून चिठ्ठीची झेरॉक्स काढली आणि पुन्हा वाचली. यावेळी तीस वर्षांचं ऑफिस डोक्यातून बाजूला ठेवून, स्वयंपाकघरात उभी राहून वाचावी तशी वाचली.

एक बाई पिशवी घेऊन वर येत होत्या. "बरं वाटत नाहीये का?" त्यांनी विचारलं.

"उलट," मी म्हटलं. "फार म्हणजे फारच बरं वाटतंय."

६

बुधवारी सकाळी आठला मी सगळ्यांना मावशींच्या थंड हॉलमध्ये बोलावलं. साहेब घड्याळ बघत उभे. कारकून फाईल छातीशी धरून. आहारतज्ज्ञ मुलगी, मावशी, आणि दाराशी ड्रायव्हर, गाडीची किल्ली हातात. टेबलावर पंचावन्न पेट्या लेबलं लावून तयार होत्या आणि बाजूला नऊ पेट्यांचा माल ढिगाने पडला होता.

"चोर कोण?" साहेबांनी सरळच विचारलं.

"आधी एक वाचन होऊ दे," मी म्हटलं आणि चिठ्ठी त्या मुलीच्या हातात दिली. "हे अक्षर तुमचं?"

"माझंच."

"मोठ्याने वाचा. आणि मग सांगा, कशाबद्दल लिहिलंय."

तिने वाचलं. मग गोंधळून माझ्याकडे पाहिलं. "सॅलडबद्दल. काकडी, गाजर, टोमॅटो, कच्चे पदार्थ. ह्यांनी विचारलं की कच्चं बंद असलेले नऊ जण आहेत, सुरू करू का. मी म्हटलं नका करू. पेशी कमी असताना कच्च्या भाजीतून जंतुसंसर्ग होऊ शकतो. का? काय झालं?"

कारकुनांच्या हातातली फाईल हळूहळू खाली आली.

"आता तुम्ही सांगा," मी त्यांना म्हटलं. "मतदारयादीच्या ऑफिसात कच्चे म्हणजे काय?"

"कच्ची यादी," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "आधी कच्ची यादी लागते. हरकती येतात. त्या निकालात निघाल्या की नावं पक्की होतात. कार्डावर शेरा होता 'कच्चे बंद'. मला वाटलं, नाव कच्चं आहे, पेटी बंद."

"कार्डं आणलीत?"

आणली होती. नऊच्या नऊ कार्डांवर तोच शेरा, त्याच घाईच्या अक्षरात. कच्चे बंद. इतर पंचावन्नांवर नव्हता.

"काल यांनी मला कार्डं दाखवायची तयारी केली होती," मी साहेबांना म्हटलं. "मीच नको म्हटलं. आणि चिठ्ठी वाचून मलाही कच्ची यादीच आठवली. ऑफिसात राहून राहून आपल्याला कच्चं म्हणजे यादीच दिसते, काकडी दिसत नाही. जुने भाऊसाहेब बायकोला स्वयंपाकात मदत करायचे, त्यांना कळायचं. पेट्या कुणी चोरल्या नाहीत, साहेब. माल इथे आला, मावशींनी तो वाया जाऊ दिला नाही, वॉर्डातल्या आजाऱ्यांच्या पोटात गेला. हिने पथ्य बरोबर लिहिलं. यांनी शंका आली म्हणून लेखी विचारलंसुद्धा. त्याच्याच उत्तराचा अर्थ उलटा लागला."

"बावीस वर्षं," कारकून पुटपुटले, "बावीस वर्षं एक नाव चुकलं नव्हतं." त्यांचा चेहरा इतका पडला की मला त्यांची कीव आली. आहारतज्ज्ञ मुलगीच त्यांच्याजवळ गेली. "मीही अख्खं वाक्य लिहायला हवं होतं," ती म्हणाली. "पुढच्या वेळी लिहीन. कच्च्या भाज्या खायच्या नाहीत, शिजवून खायच्या, पेटी चालू. एवढं सगळं."

साहेबांनी रुमालाने मान पुसली. चोर नाही म्हणजे बातमी नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. "मग उभे काय राहिलात सगळे?" ते ओरडले. "भरा की पेट्या! आणि ते शेऱ्याचं काय ते आजच्या आज छापील करून टाका."

मावशी आधीच नासपती मोजायला लागल्या होत्या. कारकून बाह्या सरसावून लेबलं लिहायला बसले, हाताने, कारण कॉम्प्युटरपर्यंत जाण्याइतका धीर त्यांच्यात उरला नव्हता.

दाराशी काहीतरी खणकन वाजलं. ड्रायव्हरच्या हातातली किल्ली खाली पडली होती.

"म्हणजे मॅडम," तो म्हणाला, "त्या नऊ जणांचं... ते सगळे..."

आणि तेव्हा मला ते "होत्या" कळलं. सोमवारीच कळायला हवं होतं.

"तुम्हाला वाटलं, ते गेले?"

"मागच्या थंडीत दोघे गेले, तेव्हा असंच झालं होतं. एक दिवस लेबल आलंच नाही. मग एका बुधवारी एकदम नऊ आली नाहीत." त्याने वाकून किल्ली उचलली. "मी कुणाच्या दारात जाऊन काय विचारणार होतो? वहिनी खिडकीत दिसल्या. त्यांना तोंड कसं दाखवायचं तेच कळेना. हे काम आता आपल्याच्याने होणार नाही, म्हणून अर्ज लिहिला."

"सगळे आहेत," मी म्हटलं. "नऊच्या नऊ. मास्तरीणबाईंशी मी परवाच बोललेय. तुम्हाला त्याच दिवशी सांगायला हवं होतं, पण मी तुमच्यावर संशय घेत बसले. माझं चुकलं."

तो पालकाच्या रिकाम्या क्रेटवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मावशी त्याच्या पाठीवर हात फिरवत होत्या आणि स्वतःही रडत होत्या. एकीने मनातल्या मनात नऊ माणसं बरी केली होती, एकाने त्याच नवांचं सुतक धरलं होतं, आणि दार ठोठावून कुणीच विचारलं नव्हतं. माझ्यासकट.

७

मी गाडीत त्याच्या शेजारी बसून गेले. नियमात बसत नाही, पण त्या दिवशी नियम काढायची साहेबांची हिंमत नव्हती. मास्तरीणबाईंच्या इमारतीशी त्याने गाडी लावली, पेटी खांद्यावर घेतली आणि तीन मजले एकदाही न थांबता चढला. मी मागे राहिले, माझं वय झालंय.

वर पोचले तेव्हा दार उघडं होतं आणि दारात मास्तरीणबाई स्वतः उभ्या होत्या, वहिनींचा हात धरून.

"तीन आठवडे गैरहजर," त्या त्याला म्हणत होत्या. "कारण?"

तो पेटी खाली ठेवायचंसुद्धा विसरला होता. "मला वाटलं, बाई, तुम्ही... गावाला गेलात."

मास्तरीणबाईंनी त्याच्याकडे बघितलं. सगळं समजल्या त्या. "नाही गेले," त्या हळूच म्हणाल्या. "इथेच आहे. आत या, पाणी देते."

वहिनींनी पेटी उघडली. मास्तरीणबाई खुर्चीत बसून एकेक जिन्नस हातात घेऊन बघायला लागल्या. भोपळ्याचा वास घेतला. "हा आत्ता शिजव," त्या म्हणाल्या, आणि वहिनी गुडघे विसरून स्वयंपाकघरात पळाल्या.

पुढच्या सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून हॉस्पिटलात गेले. काम काही नव्हतं, पण घरी चैन पडेना. बघते तर बाकावर वहिनी आणि त्यांच्या शेजारी ड्रायव्हर, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यानेच मास्तरीणबाईंना तीन मजले उतरवून आणलं होतं. अर्ज फाडलात का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "कसला अर्ज?"

"काटा?" मी वहिनींना विचारलं.

"आत घेतलंय वजनाला." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "पाच दिवस खाल्लंय तिने. दोन्ही वेळा. भांडून वाढून घेतलंय. पण डॉक्टर काय म्हणतात कुणास ठाऊक."

आम्ही बसलो. समोरचं दार बंद. दोनदा उघडलं, दोन्ही वेळा भलतंच माणूस बाहेर आलं. ड्रायव्हर बोटं मोडत होता. इतकी वर्षं लोकांच्या तक्रारी वाचल्या, पण निकालाची वाट बघत बाकावर बसणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

तिसऱ्यांदा दार उघडलं आणि नर्स आली. "मास्तरीणबाईंबरोबर कोण आहे?"

आम्ही तिघंही उभे राहिलो.

"चाळीस किलो आठशे. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले, हो म्हणालेत. पाचवं इंजेक्शन लावलंय, सुरू झालंय." तिने आमचे चेहरे पाहिले आणि तीही हसली. "पण बसावं लागेल हं. दोन तास तरी लागतील."

"लागू देत," आम्ही तिघंही एकदम म्हणालो.